फेट सिम्युलेशने : नववी-दहावीच्या विज्ञान वर्गातून एक अभिप्राय

शाळेसाठी डिजिटल साहित्य घ्यायचे ठरले की विक्रेते सर्वांत आधी दाखवतात त्या रंगीत चित्रफिती. पडद्यावर हृदय धडधडते, ज्वालामुखी उसळतो, मागे गोड आवाजात निवेदन चालू असते आणि सगळा वर्ग अर्धा तास चिडीचूप बसतो. असे साहित्य टाकाऊ असते असे मी म्हणणार नाही, परंतु त्या अर्ध्या तासात मुलांनी स्वतः काय केले असे विचारले, तर ‘पाहिले’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. ‘फेट’ या नावाने ओळखली जाणारी सिम्युलेशने, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर स्वतः प्रयोग करून पाहण्याची साधने, मला मोलाची वाटतात ती याच कारणासाठी, की मुलाने हात लावल्याखेरीज त्यांत पडद्यावर जवळजवळ काहीच घडत नाही. काय बदलायचे, किती बदलायचे आणि बदलल्यावर कुठे पाहायचे, हे त्यालाच ठरवावे लागते. विज्ञानाच्या तासाला जे कौशल्य घडावे असे आपण वर्षानुवर्षे म्हणत आलो, ते नेमके हेच आहे.

मी जावळी तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत नववी आणि दहावीला विज्ञान शिकवते. आमच्याकडे संगणक कक्ष आहे, पण सगळे संगणक एकाच दिवशी सुरू असतील याची खात्री नसते; डोंगराच्या आडोशामुळे मोबाइलची रेंज येते-जाते; प्रयोगशाळेच्या कपाटात ॲमीटर (विद्युतधारा मोजणारे) आणि व्होल्टमीटर (विभवांतर मोजणारे) आहेत, पण प्रत्येक गटाला एक देता येईल इतके नाहीत. सातारा जिल्ह्यातल्या पुष्कळ शाळांची स्थिती याहून फारशी निराळी नसावी. अशा शाळेत नियमितपणे वापरताना या साधनाचे जे गुण आणि ज्या उणिवा दिसल्या, त्या इतर शिक्षकांच्या उपयोगी पडाव्यात म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर येथील संकुलात कार्ल वायमन यांनी २००२ साली हा प्रकल्प सुरू केला. त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे २००१ साली, त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले होते आणि त्या रकमेतला काही भाग त्यांनी या कामात घातला. आरंभी प्रकल्प भौतिकशास्त्रापुरता होता. आज भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, गणित आणि भूविज्ञान मिळून दीडशेहून अधिक सिम्युलेशने उपलब्ध आहेत. पूर्वीची सिम्युलेशने जावा आणि फ्लॅश या जुन्या संगणक-प्रणालींवर चालत असत. २०२० च्या अखेरीस फ्लॅश कायमचे बंद झाले, परंतु त्याच्या कितीतरी आधीपासून ती एचटीएमएल-५ मध्ये, म्हणजे ब्राउझरला थेट समजणाऱ्या भाषेत, नव्याने लिहिण्याचे काम सुरू झाले होते, त्यामुळे आता ती कोणत्याही बऱ्यापैकी नव्या ब्राउझरवर चालतात. वर्गात वापरण्यासाठी पैसे पडत नाहीत, मुलांना खाते उघडावे लागत नाही आणि मध्येच जाहिरात येत नाही. आमच्या दृष्टीने सर्वांत मोठी सोय अशी, की प्रत्येक सिम्युलेशन काही एमबींच्या एकाच फाइलमध्ये उतरवून घेता येते आणि नंतर इंटरनेट नसतानाही चालते. साताऱ्याला गेले असताना चांगल्या जोडणीवर फाइली उतरवून घ्याव्यात, पेन ड्राइव्हवर शाळेत आणाव्यात आणि प्रत्येक संगणकावर टाकाव्यात, एवढी पूर्वतयारी पुरते. या मुद्द्यावर मी मुद्दाम भर देते, कारण एका कंपनीकडून घेतलेला डिजिटल वर्गाचा संच परवान्याची मुदत संपताच बंद पडला आणि नूतनीकरणासाठी पुन्हा रक्कम भरणे शाळेला शक्य झाले नाही, हा अनुभव आम्ही घेतला आहे.

ज्या सिम्युलेशनसाठी मी हे साधन कोणालाही सुचवीन, ते म्हणजे विद्युत परिपथ जोडणीचे. नववीतला ‘धाराविद्युत’ आणि दहावीतला ‘विद्युतधारेचे परिणाम’ या दोन्ही पाठांना ते उपयोगी पडते. बाजूच्या खोक्यातून तार, विद्युतघट, दिवा, रोध आणि कळ ओढून आणायची आणि टोकाला टोक जोडत परिपथ पुरा करायचा. परिपथ पुरा झाला की तारेतून निळे गोल, म्हणजे इलेक्ट्रॉन, सरकू लागतात. त्याच परिपथाचे पाठ्यपुस्तकात असते तसे चिन्हांचे रेखाटन एका कळीवर दिसते, आणि पुन्हा खऱ्यासारखे चित्रही दिसते. घटाचे विभवांतर (विद्युतधारेला पुढे ढकलणारा जोर, व्होल्टमध्ये) आणि दिव्याचा रोध (धारेला होणारा अडथळा, ओहममध्ये) बदलता येतो, व्होल्टमीटरची टोके हव्या त्या दोन बिंदूंवर ठेवता येतात.

इथे मुलांचा एक फार जुना गैरसमज हाताशी येतो. विद्युतधारा दिव्यात ‘खर्च होते’ आणि म्हणून दिव्याच्या पुढच्या तारेत ती कमी उरते, असे बहुतेक मुलांना मनोमन वाटत असते. ओहमचा नियम (विभवांतराला रोधाने भागले की विद्युतधारा मिळते) तोंडपाठ असलेल्या मुलांनाही तसे वाटते, कारण नियम पाठ असणे आणि परिपथाचे चित्र डोळ्यांपुढे असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मी प्रत्येक गटाला आधी वहीत भाकीत लिहायला लावते : दिव्याच्या अलीकडे किती विद्युतधारा असेल आणि पलीकडे किती. मग ॲमीटर दोन्हीकडे लावून पाहायला सांगते. ९ व्होल्टचा घट आणि १० ओहमचा दिवा असेल, तर दोन्हीकडे ०.९ अँपिअरच दिसते. भाकीत लिहिलेले असल्यामुळे ‘मला आधीच माहीत होते’ असे म्हणता येत नाही, आणि पडद्यावर सारख्याच गतीने सरकणारे गोल समोर असल्यामुळे वाद घालायलाही जागा राहत नाही. त्यानंतर तसाच दुसरा दिवा एकसर, म्हणजे पहिल्याच्या पुढे त्याच वाटेवर, जोडला की विद्युतधारा ०.४५ अँपिअर होते. विद्युतधारा निम्मी झाली, तेव्हा उजेडही निम्मा होईल असे मुलांना वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक दिव्याची शक्ती सुमारे ८ वॉटवरून सुमारे २ वॉटवर, म्हणजे चौथाईवर येते, आणि पडद्यावरचा दिवाही निम्म्यापेक्षा बराच मंद झालेला दिसतो. शक्ती विद्युतधारेच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हे सूत्र फळ्यावर लिहिण्याची वेळ तीच.

याच पाठात एकदा वर्गात जे घडले ते थोडे विस्ताराने सांगते, कारण या साधनाचे बळ आणि त्याची मर्यादा दोन्ही त्यात दिसतात. समांतर जोडणी, म्हणजे प्रत्येक दिवा वेगळ्या फाट्याने थेट घटाला जोडणे, चालली होती. एका दिव्याला समांतर दुसरा, मग तिसरा दिवा जोडला, तरी पहिल्या दिव्याचा उजेड तसूभरही कमी झाला नाही. पाठ्यपुस्तकाप्रमाणे ते बरोबरच होते, कारण प्रत्येक दिव्याच्या टोकांना घटाचे पूर्ण विभवांतर मिळत होते. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “बाई, आमच्याकडं मोटार चालू केली की घरातला दिवा बारीक होतो. ह्यात का होत नाही?” शेतीपंप सुरू झाला की घरातले दिवे मंदावतात हे वर्गातल्या प्रत्येक मुलाने पाहिलेले होते, आणि घरातली जोडणी समांतर असते हेही मी नुकतेच शिकवले होते. म्हणजे मुलीच्या अनुभवात आणि पडद्यावरच्या परिपथात उघड विसंगती होती, आणि ती तिने स्वतः शोधून काढली होती.

मी उत्तर दिले नाही. कपाटातला बराच वापरलेला दीड व्होल्टचा सेल आणि टॉर्चचे छोटे दिवे काढून तीच जोडणी टेबलावर करायला सांगितली. दुसरा दिवा लावताच पहिला मंद झाला, तिसरा लावल्यावर आणखी मंद झाला. आता संगणक चुकला असे काही मुले म्हणू लागली आणि सेल खराब आहे असे काही. मग सिम्युलेशनमध्ये घटाचा अंतर्गत (घटाच्या आतला स्वतःचा) रोध बदलण्याची जी सरकपट्टी आहे, ती शून्यावरून मध्यावर, म्हणजे ५ ओहमवर नेली. एकच दिवा असताना त्याच्या टोकांना ६ व्होल्ट दिसत होते; दुसरा समांतर दिवा जोडताच दोन्हींना ४.५ व्होल्ट मिळू लागले आणि पडद्यावरचा दिवाही टेबलावरच्या दिव्यासारखाच मंद झाला. तारेची रोधकता वाढवण्याची वेगळी सरकपट्टी आहे, आणि तारा लांब ओढल्या की त्यांचा रोध वाढतो, तेही मुलांनी करून पाहिले. डीपीपासून (वीज वितरणाच्या ट्रान्सफॉर्मरपासून) वस्तीपर्यंतची लांब तार, मोटारीने अचानक ओढलेली मोठी विद्युतधारा आणि तारेतच खर्ची पडलेले विभवांतर, हे स्पष्टीकरण त्या दिवशी मुलांनी आपापसांत बोलून जवळजवळ पूर्ण बांधले. शेवटी मी फक्त त्याला पाठ्यपुस्तकातली भाषा दिली.

हे काम निव्वळ चित्रफितीने झाले नसते, कारण चित्रफितीत प्रश्न विचारून काही बदलता येत नाही. पण ते एकट्या सिम्युलेशननेही झाले नसते, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. सिम्युलेशनमधला घट मुळात आदर्श असतो, तारा जवळजवळ रोधरहित असतात, जोड कधी सैल होत नाहीत आणि ॲमीटरचा काटा कधी शून्याच्या अलीकडे अडकत नाही. खऱ्या जगातल्या परिपथात निम्मा वेळ जोड तपासण्यात जातो. वायरचे वेष्टन सोलणे, टोक पिळून स्क्रूखाली घट्ट बसवणे, मीटरचे धन आणि ऋण अग्र ओळखणे, लघुतम माप पाहून काट्याचे वाचन करणे, आणि वाचन करताना डोळा काट्याच्या बरोबर वर ठेवणे ही बोटांची आणि डोळ्यांची कौशल्ये आहेत, ती माउसने येत नाहीत. दहावीला प्रात्यक्षिकाचे २० गुण असतात आणि तिथे मुलाच्या हातात खरे साहित्य येते. पण गुणांचा विचार बाजूला ठेवला तरी माझे मत बदलत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले येथे रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि शिक्षणाला श्रमाची जोड दिली, ती याच जिल्ह्यात. हातांनी करून शिकण्याची एवढी मोठी परंपरा असलेल्या जिल्ह्यात, पडदा आला म्हणून प्रयोगशाळेचे कपाट बंद राहावे, हे मला मान्य होणार नाही.

या संदर्भात एका संशोधनाचा उल्लेख अनेकदा केला जातो. कोलोरॅडो विद्यापीठातल्याच संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, परिपथाचे सिम्युलेशन वापरणाऱ्या विद्यार्थ्यांची संकल्पनांची समज खरे साहित्य वापरणाऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा सरस आढळली, आणि पुढे खरा परिपथ जोडण्यातही ते मागे पडले नाहीत, उलट पुढेच राहिले. निष्कर्ष महत्त्वाचा आहे आणि माझ्या वर्गातल्या अनुभवाशी तो बराच जुळतो : आधी पडद्यावर परिपथ जोडून पाहिलेली मुले टेबलावरचा परिपथ कमी गोंधळाने जोडतात, कारण काय कुठे जायचे हे त्यांच्या मनात ठरलेले असते. परंतु तो अभ्यास विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर, शिकवणी-सहायक असलेल्या प्रयोगशाळेत झाला होता. ज्या मुलाने आयुष्यात कधी वायर सोललेली नाही, त्या नववीतल्या मुलासाठी त्यातून ‘खरे साहित्य नको’ असा अर्थ काढणे धाडसाचे ठरेल. माझा क्रम ठरलेला आहे. भाकीत वहीत, जोडणी पडद्यावर, मग तीच जोडणी टेबलावर, आणि दोन्हींत फरक का पडला यावर चर्चा. सेल, होल्डर, छोटे दिवे आणि वायर यांना फार खर्च येत नाही. साताऱ्याच्या बाजारपेठेत इलेक्ट्रिकच्या कोणत्याही दुकानात हे सगळे मिळते.

प्रकाशाच्या अपवर्तनाचे, म्हणजे एका माध्यमातून दुसऱ्यात शिरताना किरण वळण्याचे, सिम्युलेशनही दहावीसाठी उत्तम आहे. लेसरचा किरण, पृष्ठभागाला लंब असलेली स्तंभिका, कोनमापक, आणि हवा, पाणी, काच असे माध्यम बदलण्याची सोय. काचेच्या लादीला टाचण्या टोचून किरण आखण्याच्या प्रयोगात मुलांचे आपतन कोन (येणारा किरण स्तंभिकेशी करतो ते कोन) तीन-चारच होतात आणि त्यांतले एखादे वाचन बिघडलेले असते. इथे दहा कोनांची सारणी थोड्या वेळात भरते आणि आपतन आणि अपवर्तन कोनांच्या ज्या साइन किमतींचे गुणोत्तर कायम राहते, त्या मुले स्वतः काढू शकतात. काचेतून हवेत जाताना आपतन कोन हळूहळू वाढवत नेला की साधारण ४२ अंशांच्या आसपास अपवर्तित किरण नाहीसा होतो, आणि संपूर्ण अंतर्गत परावर्तन म्हणजे काय ते वेगळे सांगावे लागत नाही. माझ्या मते त्यातला सर्वांत मौल्यवान भाग म्हणजे दोन अनोळखी माध्यमे, ज्यांचा अपवर्तनांक (किरण किती वळेल ते सांगणारा अंक) दिलेला नसतो. तो शोधून काढा, एवढेच सांगायचे. पद्धत काय, किती वाचने घ्यायची, सरासरी काढायची की आलेख, हे मुलांनी ठरवायचे. एरवी प्रयोगाची कृती आम्ही एक, दोन, तीन अशी लिहून देतो. अनोळखी माध्यमापुढे कृती मुलांना स्वतः लिहावी लागते.

लंबकाच्या सिम्युलेशनचा उपयोगही साधारण तसाच. लांबी, वस्तुमान आणि गुरुत्वत्वरण या तीन गोष्टी बदलता येतात, तेव्हा एका वेळी एकच बदलायची आणि बाकीच्या स्थिर ठेवायच्या हा प्रयोगशास्त्राचा पाया मुलांच्या अंगवळणी पाडण्यासाठी याहून सोपे साधन मला सापडलेले नाही. सुरुवातीला मुले तिन्ही सरकपट्ट्या एकदम हलवतात आणि मग काय कशामुळे झाले हे कोणालाच सांगता येत नाही. एक मीटर लांबीचा लंबक आम्ही आधी शाळेच्या व्हरांड्यात दोरीला दगड बांधून मोजतो. एका आंदोलनाला सुमारे २ सेकंद लागतात. मग पडद्यावर तोच लंबक चंद्रावर नेला की सुमारे ४.९ सेकंद लागतात. इथेही एक अनोळखी ग्रह दिलेला आहे आणि त्याचे गुरुत्वत्वरण शोधायचे आहे.

रासायनिक समीकरणे संतुलित करण्याचे सिम्युलेशन छोटे आहे, पण एका बाबतीत फार नेमके आहे. वहीत समीकरण संतुलित करताना मुले सर्रास रेणुसूत्राच्या पायाशी असलेला अंकच बदलून टाकतात, म्हणजे पाण्याचे हायड्रोजन पेरॉक्साइड करून मोकळी होतात. सिम्युलेशनमध्ये फक्त रेणूंची संख्या बदलता येते, रेणू बदलता येत नाही. मिथेनच्या ज्वलनाचे उदाहरण त्यात आहे आणि गोबर गॅसची शेगडी पाहिलेल्या मुलांना ते जवळचे वाटते : मिथेनच्या एका रेणूला ऑक्सिजनचे दोन, आणि त्यातून कार्बन डायऑक्साइडचा एक आणि पाण्याचे दोन रेणू. तराजूच्या दोन पारड्यांत अणू मोजून दिसतात. चुकीची सवय मोडण्यासाठी एक तास पुरेसा होतो, त्यापुढे मात्र वहीतच सराव हवा.

विद्युतजनित्राचे सिम्युलेशन मी दहावीला आवर्जून दाखवते, कारण कोयना आमच्या जिल्ह्याची आहे. धरण पाटण तालुक्यात, पाणी बोगद्यातून पश्चिमेला घाटाखाली पोफळीच्या वीजगृहाकडे जाते, आणि प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॉट आहे, हे मुलांना माहीत असते. पण पाणी पडल्याने वीज कशी ‘तयार होते’ हे विचारले की बहुतेक जण पाण्यातूनच वीज काढतात असे सांगतात. सिम्युलेशनमध्ये नळ सोडला की पाण्याने चाक फिरते, चाकावरचा चुंबक फिरतो आणि शेजारच्या वेटोळ्याला जोडलेला दिवा लागतो. नळ बंद केला की चुंबक तिथेच असूनही दिवा विझतो. चुंबक जवळ असणे पुरेसे नाही, वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलत राहिले पाहिजे, हे फॅरेडेच्या नियमाचे मर्म तिथे एका नळाने कळते. वेटोळ्याच्या फेऱ्या वाढवून पाहा, चाकाची गती कमी करून पाहा, असे सांगून मी बाजूला होते.

आता उणिवा. परिपथातले इलेक्ट्रॉन ठळक गोलांच्या रूपात आणि डोळ्यांना दिसेल अशा वेगाने सरकतात. प्रत्यक्षात तारेतल्या इलेक्ट्रॉनांची सरासरी पुढे सरकण्याची गती सेकंदाला मिलिमीटरच्या अंशाएवढी असते. हे शिक्षकाने सांगितले नाही, तर एक गैरसमज जाऊन दुसरा रुजतो. सामूच्या (पदार्थ किती आम्लधर्मी वा आम्लारिधर्मी ते सांगणाऱ्या मापाच्या) सिम्युलेशनमध्ये तपासायला दिलेले पदार्थ परक्या स्वयंपाकघरातले आहेत, त्यांत कॉफी आहे, चिकन सूप आहे, पण ताक, चिंचेचे पाणी किंवा आवळ्याचा रस नाही. त्यामुळे आम्ही ते सिम्युलेशन थोडक्यात दाखवतो आणि घरून आणलेल्या पदार्थांवर लिटमस व हळदीच्या कागदाने काम करतो. बरीच सिम्युलेशने मराठीत आहेत, पण सगळी नाहीत, आणि शिक्षकांसाठी संकेतस्थळावर जमलेला कृतिपत्रिकांचा साठा बहुतांशी इंग्रजीत आहे. पडद्यावर मजकूरच कमी असल्याने मुलांचे फारसे अडत नाही, अडते ते शिक्षकाचे, कारण कृतिपत्रिका त्याला स्वतः बनवावी लागते. मुलाने काय केले याची कोणतीही नोंद साधन स्वतःहून ठेवत नाही. तास संपला, खिडकी बंद केली की सगळे पुसले जाते. म्हणून भाकीत, सारणी आणि निष्कर्ष वहीत लिहिल्याखेरीज गटाला उठू द्यायचे नाही, हा नियम मी पाळते.

मोबाइलवर ही सिम्युलेशने चालतात, पण परिपथ जोडणीसाठी लहान पडदा त्रासदायक ठरतो. तारेचे टोक बोटाखाली झाकले जाते आणि भलतीकडेच जोडले जाते. लंबक किंवा समीकरणे मोबाइलवर ठीक चालतात. पालकांच्या फोनवर फाइल पाठवली तर काही फोनमध्ये ती ब्राउझरऐवजी दुसऱ्याच ॲपमध्ये उघडते आणि कोरी दिसते. फाइलवर बोट दाबून धरून ती क्रोममध्ये उघडायला सांगावे लागते. एका संगणकावर तिघांहून जास्त मुले बसवू नयेत. एकाने माउस धरायचा, एकाने वाचने लिहायची, एकाने पुढे काय बदलायचे ते सांगायचे, आणि दर काही मिनिटांनी जागा बदलायच्या. जागा बदलायला लावल्या नाहीत, तर माउस कायम त्याच मुलाच्या हातात राहतो, आणि मुलींच्या वाट्याला लिहिण्याचे काम येते, हे मी वारंवार पाहिले आहे.

पहिली दहा मिनिटे मुलांना मोकळे सोडावे. परिपथात ती घटाची दोन्ही टोके तारेने थेट जोडतात, घटाला आग लागलेली दिसते, वर्गात गलका होतो. होऊ द्यावा. लघुपथन म्हणजे काय हे त्यांना कोणतीही इजा न होता कळलेले असते आणि घरच्या फ्यूजविषयीचे प्रश्न तिथूनच सुरू होतात. त्या दहा मिनिटांनंतर मात्र प्रत्येक गटापुढे एकच नेमका प्रश्न असला पाहिजे, नाहीतर उरलेला तास आग लावण्यातच जातो. तसेच, एकच प्रोजेक्टर असेल आणि माउस शिक्षकाच्याच हातात राहणार असेल, तर या साधनाचा उपयोग निम्म्याहून कमी होतो. तशा वर्गात निदान पुढचा बदल कोणता करायचा हे मुलांनी हात वर करून ठरवावे आणि एकेकाला पुढे बोलवावे.

ज्या शिक्षकांना सुरुवात करायची आहे, त्यांनी एकदम दहा सिम्युलेशने उतरवू नयेत. नववीसाठी परिपथ जोडणीचे आणि दहावीसाठी अपवर्तनाचे, अशी दोनच घ्यावीत, आधी स्वतः एक संध्याकाळ त्यांच्याशी खेळावे, आपल्या मुलांचे ठरावीक गैरसमज कोणते ते कागदावर लिहावे आणि प्रत्येक गैरसमजासाठी एक भाकिताचा प्रश्न तयार करावा. मराठीतल्या कृतिपत्रिका ज्यांनी बनवल्या असतील, त्यांनी त्या तालुक्याच्या शिक्षण परिषदेत किंवा विज्ञान शिक्षकांच्या गटावर द्याव्यात. परिपथ, अपवर्तन आणि लंबक या तिन्हींच्या माझ्याकडच्या पत्रिका मी आमच्या केंद्रातल्या शिक्षकांना दिल्या आहेत, आणि विद्युतजनित्राची पत्रिका दहावीचा पाठ सुरू होण्याआधी तयार करते आहे.